थंडी पडू लागल्यावर उंच डोंगरांतली लांबची पायपीट

उन्हाळ्यात कामी आलेलं सामान आणि उन्हाळ्यातल्याच सवयी घेऊन माणसं थंडीच्या तोंडावर डोंगरात शिरतात, आणि पहिल्या तीन-चार रात्री काही बिघडतही नाही. बिघडतं ते सहाव्या-सातव्या दिवशी. तोवर स्लीपिंग बॅग रोज थोडी थोडी दमट होत गेलेली असते, मोजे नीट सुकलेले नसतात, गॅस अंदाजापेक्षा जास्त जळलेला असतो आणि दिवस वीसेक मिनिटांनी आखडलेला असतो. यातलं एकेक निभावून नेता येतं. सगळं एकत्र आलं की मात्र एक पावसाळी दुपार पुरते. म्हणून या दिवसांत थंडीपेक्षा ओलीवर डोळा ठेवायचा. खालच्या बऱ्याचशा सूचना फिरून फिरून तिथेच येतात.

वाट आखताना

पहिला हिशोब उजेडाचा. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस सर्वांत झपाट्याने लहान होतो: ३० अक्षांशावर रोज जवळपास दोन मिनिटं, ४५ अक्षांशावर तीन मिनिटांहून थोडं जास्त. दक्षिण गोलार्धात हेच २०-२१ मार्चच्या आसपास घडतं. तीन आठवड्यांची चाल असेल तर ४५ अक्षांशावर निघताना होता त्यापेक्षा तासाहून जास्त उजेड शेवटी कमी असतो. त्यात सकाळचा एक तास गोठलेले बूट, पांढराफटक तंबू आणि बधिर बोटं यांत जातो, आणि संध्याकाळी अंधाराच्या तासभर आधी थांबावंच लागतं. उन्हाळ्यात दिवसाला २५ किलोमीटर होत असतील तर इथे १८ धरा. रेशन आणि गॅस दोन्ही याच आकड्यावर मोजा, वर दोन दिवसांचं जादा.

दुसरा हिशोब तापमानाचा. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण ६.५ अंशांनी गार होते. पायथ्याच्या वस्तीचा अंदाज रात्री ८ अंश सांगत असेल तर तिथून २००० मीटर वरच्या मुक्कामावर उणे ५ धरून चाला. त्यात वारा वेगळा. शून्य अंशावर ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ७ सारखं लागतं.

पाण्याबद्दल बहुतेकांची फसगत होते. नकाशावरचा निळा ओढा जून-जुलैतल्या वितळत्या बर्फावर वाहत असतो. हंगामाच्या शेवटी तो कोरडा मिळू शकतो. उंचावरचे बारीक झरे तर रात्री गोठतात आणि उन्हं चढल्यावरच पुन्हा वाहू लागतात. चार लिटर पाणी वाहून नेता येईल एवढ्या बाटल्या जवळ असू द्या, रिकाम्या असल्या तरी.

वाटेतल्या कोणत्या वस्त्या, निवारे आणि रस्ते हंगाम संपला म्हणून बंद होतात हे निघण्याआधी विचारून घ्या. मग नकाशावर उतरायच्या वाटा खुणेने दाखवा. खाली सुटायच्या अशा दोन वाटांमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त चाल नको. प्रत्येक मोठ्या खिंडीसाठी परत फिरायची वेळ घरी बसूनच ठरवायची, कारण खिंडीखाली उभं राहिल्यावर माणूस आपल्याला हवा तोच निर्णय घेतो. दुपारी बारा ही बरी वेळ आहे.

उन्हाळ्यातला वळीव दुपारी गडगडतो आणि रात्रीपर्यंत ओसरतो. थंडीच्या तोंडावरची वादळं बहुधा तशी नसतात. ती आली की दोन-दोन दिवस मुक्काम ठोकतात. आदल्या दिवशी उंचावर पिसांसारखे पातळ ढग, सूर्याभोवती खळं, वाऱ्याने बदललेली दिशा अशी चाहूल लागते. उंची दाखवणारं घड्याळ असेल तर आणखी एक खूण: रात्रभर एकाच जागी पडलेलं घड्याळ सकाळी ४०-५० मीटर जास्त उंची दाखवत असेल, तर हवेचा दाब उतरला आहे. त्या दिवशी खिंड चढायला घेऊ नका. आणि वादळ सरून आभाळ लख्ख झालं की निर्धास्त होऊ नका, त्यानंतरची रात्र सगळ्यांत गार असते.

झोपेचं सामान

स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे तीन आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. आरामाच्या आकड्याला माणूस सैल झोपू शकतो. मर्यादेच्या आकड्याला अंगाची मुटकुळी करून कशीबशी रात्र निघते. टोकाचा आकडा जीव वाचण्यापुरता आहे, त्याचा झोपेशी संबंध नाही. विकताना अनेकदा मर्यादेचाच आकडा ठळक छापतात. तुम्ही आरामाचा पाहा, आणि अपेक्षित नीचांकाच्या ५ अंश खालचा घ्या. उणे ५ ची रात्र धरली असेल तर आरामाचा आकडा उणे १० हवा. त्या ५ अंशांत थकवा, अपुरं जेवण आणि दमट झालेली बॅग हे सगळं येतं.

बॅगेत भरलेली पिसं अंगाखाली दबली की काही ऊब देत नाहीत, म्हणून खालचं काम मॅटचं. मॅटची ऊब आर-व्हॅल्यूत मोजतात. उन्हाळ्यात २ चालून जातो. जमीन गोठू लागली की ४ ते ५ हवा. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. फुगवायची मॅट आणि सोबत फोमची पातळ मॅट ही जोडी आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते. हवेची मॅट रात्री दोन वाजता पंक्चर झाली तरी फोम उरतो, आणि दिवसा बसायलाही तोच.

आता ओलीचं. झोपेत अंगातून वाफ निघतच असते. बाहेर खूप गार असलं की ती बॅगेच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचून तिथेच पाणी होते किंवा गोठते. एका रात्रीत हाताला जाणवत नाही, पण पाच-सहा रात्रींनी पिसांच्या गुठळ्या होतात आणि उजेडासमोर धरलं तर कप्प्यांत मोकळ्या जागा दिसतात. उपाय एकच, आणि तो रोज करायचा: दुपारच्या विसाव्याला बॅग उलटी करून, म्हणजे अस्तर बाहेर काढून, ऊन-वाऱ्यात अर्धा तास टाकायची. मग परत सुलटी करून दहा मिनिटं. ऊन असलेला विसावा सोडून पुढे जाऊ नका. पुढे सावलीच लागेल असं धरून चाला.

बॅगेत तोंड खुपसून श्वास सोडायचा नाही. नाक-तोंड बाहेर, बाकी बॅगेची टोपी आवळून. चिंब कपडे बॅगेत घेऊन सुकवायचा मोह आवरा, ते पाणी शेवटी पिसांतच जातं. जेमतेम ओलसर मोजे किंवा हातमोजे पोटाशी ठेवले तर चालतात. झोपायचा एक जोड, म्हणजे थर्मल, जाड मोजे आणि कानटोपी, वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवा आणि तो चालताना कधीही घालू नका, कितीही मोह झाला तरी. सकाळी त्यातून निघून ओले कपडे चढवणं जिवावर येतं. पण दहा मिनिटं चाललं की ते अंगावर गरम होतात, आणि रात्रीचा कोरडा जोड शाबूत राहतो.

झोपायच्या आधी काहीतरी स्निग्ध खा: मूठभर सुकामेवा, चीज, शेंगदाण्याचं लोणी. पचनाची ऊब अंगाला मिळते. लिटरभर गरम पाणी पक्क्या झाकणाच्या बाटलीत भरून, बाटली उलटी करून गळत नाही ना पाहा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. पायांशी ठेवण्यापेक्षा तिथे जास्त गुण येतो, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जातात. लघवीला जायचं असेल तर जाऊन या. कूस बदलत तासभर काढला की झोपही जाते.

मुक्कामाची जागा आणि सकाळ

गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि दरीच्या तळाशी, बशीसारख्या खळग्यात साठते. ओढ्याकाठची सपाट हिरवळ दिसायला देखणी आणि रात्री सगळ्यांत वाईट. तळापासून ३०-५० मीटर वर चढून जा. तेवढ्याने काही अंशांचा फरक पडतो आणि दवही कमी. झाडी असेल तर झाडांखाली तंबू लावा, कारण उघड्या आभाळाखालची जमीन आणि तंबू दोन्ही जास्त गारठतात. मात्र वर वाळकी फांदी लटकत नाही ना हे आधी बघा. पूर्वेला मोकळं असलेलं ठिकाण निवडलं तर सकाळचं ऊन लवकर येतं.

तंबू घट्ट बंद करून झोपू नका. वरची हवेची झडप आणि दाराची वरची वीतभर चेन उघडी ठेवा. आत दोन अंश गार होईल, पण श्वासाची वाफ बाहेर जाईल. बंद तंबूत ती आतल्या कापडावर पांढऱ्या कणांची साय धरते. सकाळी पहिला धक्का लागला की ती भुरभुर बॅगेवर पडते आणि पाच मिनिटांत पाणी होते. म्हणून सकाळचा क्रम ठरलेला असावा. उठून बसायच्या आधीच बॅगेवर जॅकेट किंवा रेनकोट पसरा. आतल्या कापडावरचे कण कोरड्या स्पंजने किंवा फडक्याने, ते वितळायच्या आधी, खरवडून घ्या आणि फडकं बाहेर झटका. मग बॅग भरा. तंबूचं बाहेरचं कापड उलटं धरून जोरात झटका आणि सॅकच्या बाहेर वेगळ्या पिशवीत ठेवा. उरलेली ओल दुपारच्या उन्हात जाईल. तंबू आणि स्लीपिंग बॅग एकाच पिशवीत कोंबणं ही या हंगामातली सगळ्यांत महाग चूक.

बुटांची काळजी आदल्या रात्रीच घ्यायची. ओले बूट लाकडासारखे कडक होतात आणि पाय आत जातच नाही. लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढून ठेवा, आतला तळवा काढून बॅगेत घ्या. फार थंडी असेल तर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गुडघ्यांच्या पोकळीत किंवा बॅगेच्या तळाशी ठेवा. गैरसोय होते, पण सकाळी अर्धा तास वाचतो.

चालताना कपडे

नियम सोपा आणि पाळायला अवघड: निघताना थोडं काकडतच निघायचं. उबदार होऊन निघालात तर पंधरा मिनिटांत घाम येतो, पाठीमागचा शर्ट सॅकखाली भिजतो आणि खिंडीत वारा लागला की तोच अंगावर गार होतो. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर पातळ फ्लीस, वाऱ्यासाठी विंडचीटर. चढावर बहुतेक वेळ एवढं पुरतं. सुती काही नको. पिसांचं जॅकेट चालताना घालायचं नसतं. थांबलात की पहिल्या मिनिटाला घाला, थंडी वाजायची वाट पाहू नका, आणि उठलात की काढा. याचा कंटाळा येतो, हे खरं.

हातमोज्यांचे दोन जोड हवेत: चालताना पातळ, आणि वर चढवायला पाणी न शोषणारे सैल हातमोजे. हात बधिर झाले की लेस, चेन, लायटर काहीच हाताळता येत नाही, म्हणून हात गेले की बाकी सामान असून नसल्यासारखं.

मोबाइल आणि पॉवरबँक दिवसा आतल्या खिशात, रात्री बॅगेत. गारठलेली लिथियम-आयन बॅटरी ३० टक्क्यांवरून अचानक बंद पडते. शून्याखाली तिला चार्ज करू नका, कायमची खराब होते. हेडटॉर्चसाठी एकदाच वापरायचे लिथियम सेल घ्या, ते थंडीत अल्कलाइन सेलपेक्षा खूप टिकतात. नकाशा कागदावरही ठेवा. ओल्या हातमोज्याने पडदा सरकत नाही.

गॅस आणि पाणी

थंडीतली ठरलेली तक्रार: डबा हलवला तर आत द्रव डुचमळतोय, पण ज्योत मेणबत्तीएवढी. कारण मिश्रणात आहे. साध्या ब्यूटेनचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला उणे ०.५ अंश, आयसोब्यूटेनचा सुमारे उणे १२, प्रोपेनचा उणे ४२. गारठ्यात प्रोपेन आधी उडून जातो, आणि डबा अर्धा झाला की मागे मुख्यतः सुस्त गॅस उरतो. त्यात वायू होताना द्रव स्वतःची उष्णता गमावतो, त्यामुळे डबा हवेपेक्षाही गार होतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी मदत होते, पण त्यावर विसंबू नका.

साध्या ब्यूटेनचा डबा घेऊच नका; आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्या. रात्री डबा बॅगेत ठेवा. पेटवताना तो उथळ ताटलीत, बोटभर कोमट पाण्यात उभा करा. साधं न गोठलेलं पाणीही त्या डब्यापेक्षा गरम असतं, आणि ज्योत लगेच सुधारते. उकळतं पाणी मात्र कधीही नाही. वाऱ्याचा पत्रा डब्याभोवती पूर्ण गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. उणे १० च्या खाली रोजचाच मुक्काम असेल तर नळीचा, डबा उलटा ठेवून चालणारा किंवा द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्या. तंबूच्या आत पेटवू नका. आग लागते हे एक, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच घात करतो.

फक्त पाणी उकळायचं असेल तर उन्हाळ्यात माणशी रोज २५-३० ग्रॅम गॅस लागतो. इथे ४०-५० धरा, बर्फ वितळवायचा असेल तर त्याच्या दुप्पट. शून्य अंशाचा बर्फ नुसता पाणी व्हायला जेवढी उष्णता खातो, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. वितळवताना तळाशी कपभर पाणी असू द्या, नाहीतर भांडं करपतं. सकाळचं पाणी रात्रीच भांड्यात भरून ठेवा: गोठलं तर सरळ स्टोव्हवर चढवता येतं, बाटलीत गोठलेलं काढता येत नाही. बाटल्या रात्री उलट्या ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीच्या पाणपिशव्या या हंगामात घरीच बऱ्या.

बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा ओला झाल्यावर गोठला तर आतल्या नळ्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणीही पूर्वीसारखंच येतं, फक्त ते गाळलं जात नाही. दिवसा खिशात, रात्री बॅगेत. गोठल्याची शंका आली तरी फेकून द्या. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या थंड पाण्यात सावकाश काम करतात, चार तास द्या. खळखळून उकळलेलं पाणी एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू दिलं की पुरे.

जेवण रोज ३५०० ते ४५०० किलोकॅलरी, वजनाने ८००-९०० ग्रॅम, आणि त्यात तेल-तुपासारखं स्निग्ध जास्त. एक सूचना: चिवट बार आणि चॉकलेट थंडीत दगड होतात, दिवसाचा वाटा सकाळीच आतल्या खिशात टाका.

बर्फ पडला तर

घोट्यापर्यंतच्या बर्फात वाट दिसेनाशी होते आणि पोटरीपर्यंत आला की वेग निम्मा होतो. जास्त धोका धोंड्यांच्या उतारावर: ताजा भुसभुशीत बर्फ दोन दगडांमधली फट झाकतो पण वजन पेलत नाही, आणि पाय मोडतो तो तिथे. चालायच्या काठीने चाचपत जा, नाहीतर वळसा घ्या. सावलीतल्या उतारांवर बर्फाखाली पातळ काचेसारखा थर असतो, तिथे बुटांवर चढवायचे छोटे दातेरी पट्टे लागतात. ओढ्यांना पाणी कमी असलं तरी तुषारांनी ओले झालेले दगड सकाळी गोठलेले असतात. सरळ पाण्यातून चालणं दगडांवर उड्या मारण्यापेक्षा बरं.

हंगामाच्या सुरुवातीला हिमस्खलन होत नाही हा गैरसमज आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, गुळगुळीत गवतावर पडलेला आणि वाऱ्याने एका बाजूला साठवलेला बर्फ निसटतो. छोटी घसरणही घळीत लोटते किंवा कड्यावरून फेकते. ताज्या वादळानंतर घळी टाळा, धारेवरून चाला. गडद चष्मा लागतोच. नवा बर्फ बहुतेक अतिनील किरणं परत फेकतो आणि डोळ्यांचं दुखणं संध्याकाळी सुरू होतं.

शरीर

३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं याला थंडीचा शीण म्हणून सोडून देऊ नका. लक्षणं असताना वर चढायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर खाली उतरायचं, अंधार असला तरी.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. तो व्हायला कडाक्याची थंडी असावीच असं नाही, ५ अंश, पाऊस आणि वारा पुरतात. सोबत्याकडे पाहा: अडखळतोय, शब्द जड येताहेत, चेन लावता येत नाहीये, उगाच चिडतोय किंवा अगदी गप्प झालाय. त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून “मी ठीक आहे” हे उत्तर धरू नका. थांबा, तंबू लावा, ओले कपडे काढा, मॅटवर बॅगेत घाला, गोड गरम प्यायला द्या, गरम बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. हुडहुडी थांबली पण माणूस गुंगीत गेला तर तो सुधारत नाहीये. मग त्याला हळुवार, आडवंच ठेवा, तोंडाने काही देऊ नका आणि मदत मागवा.

बोट पांढरं पडून बधिर झालं पण अजून मऊ असेल तर काखेत किंवा सोबत्याच्या पोटावर धरा, चोळू नका. कडक, मेणचट झालं असेल तर ते ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यातच वितळवायचं, आणि तेही पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच. वितळून परत गोठलेलं बोट सहसा वाचत नाही. पायाचं बोट गोठलं असेल आणि अजून चालून उतरायचं असेल, तर तसंच गोठलेल्या पायाने उतरा. वितळलेल्या पायावर फोड येतात, तो सुजतो आणि बुटात परत जात नाही.